निनांवी खेळांचें रसग्रहण

नाटक, काव्य, गायन आणि चित्र यांची परीक्षा करण्याची परंपरा आपल्याकडे चांगली रुजली आहे. एकाद्या नाटकाचा दुसरा अंक लांबला कीं आखूड पडला, यावर आपले टीकाकार पानेंच्या पानें खर्ची घालतात, व तें योग्यच आहे. परंतु ज्या गोष्टीपाशीं घरांतील मुलांनीं सुट्ट्यांमागून सुट्ट्या घालविल्या, तिच्याविषयीं मात्र "मुलें खेळत बसतात" यापलीकडे चार शब्द बोलण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. व्हिडिओ गेम हा शब्द ऐकतांच सुशिक्षित गृहस्थाच्या कपाळास आठी पडते. ती आठी सर्वस्वीं गैर आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण निंदा करावयाची ती तरी वस्तु पाहून करावी, एवढाच आमचा आग्रह आहे.

म्हणून इ. स. १९९० नंतरच्या दशकांत आपल्या मध्यमवर्गीय घरांत टीव्हीला जोडून खेळावयाची जी पेटी आली, तिच्यांतील आमच्या आवडीच्या पांच खेळांची परीक्षा करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. आवड ही परीक्षेची सुरुवात होय, निकाल नव्हे. अमुक खेळ आम्हांस आवडतो एवढेंच सांगून वाचकांस कांहीं लाभ नाहीं. तो कां आवडतो, आणि ती आवड तपासणीच्या उजेडांत टिकते कीं नाहीं, हें सांगितलें तरच लेखाचें सार्थक.

प्रथम त्या पेटीची कुळकथा थोडक्यांत सांगतों. जपानांतील क्योटो नगरांत इ. स. १८८९ मध्यें निन्टेंडो नांवाची पेढी फुलांच्या चित्रांचे पत्ते विकण्यासाठीं निघाली. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांची आठवण व्हावी, असाच तो व्यवसाय. त्याच पेढीनें जवळ जवळ शंभर वर्षांनीं, १५ जुलै १९८३ रोजीं, 'फॅमिली कॉम्प्युटर' नांवाचें यंत्र जपानी बाजारांत आणलें. मासायुकी उएमुरा हे त्याचे रचनाकार. अमेरिकेंत तेंच यंत्र १९८५ पासून 'निन्टेंडो एंटरटेन्मेंट सिस्टिम' या नांवानें गेलें, आणि दोन्ही मिळून सहा कोटींहून अधिक यंत्रें जगांत खपलीं. त्याचें सामर्थ्य आजच्या मापानें पाहिलें तर हसूं येईल. काम करतांना लक्षांत ठेवण्यासाठीं त्याजजवळ अवघी दोन किलोबाइट स्मृति होती. पडद्यावर हलणाऱ्या आकृतींचे तुकडे एका वेळीं चौसष्ट, आणि त्यांतून एका आडव्या रेषेंत आठांहून अधिक नाहींत. आवाजासाठीं वाटा पांच. एवढ्या भांडवलावर कसा संसार मांडला गेला, तें पुढें येईलच.

आपल्याकडे हें मूळ यंत्र त्याच्या मूळ नांवानें क्वचितच दिसलें. 'समुराई', 'मीडिया', 'लिटल मास्टर' इत्यादि नांवांनीं येथें यंत्रें विकलीं गेलीं, आणि त्यांच्या मागोमाग तैवान व चीन येथें बनलेल्या स्वस्त नकलांचा पूर आला. आम्ही त्या काळीं नुकतेच अध्यापनास लागलों होतों व मोरव्यास राहत होतों. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेस उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धे, राई आणि मोरवा हीं गांवें लागतात. आसपास खाडी व मिठागरें. इ. स. १९८५ मध्यें मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली, २००२ मध्यें तिची महानगरपालिका झाली. पण मधल्या त्या वर्षांत मोरव्याची राहणी बरीचशी गांवाचीच होती. अशा ठिकाणीं एका घरीं ही पेटी आली कीं ती त्या घराची राहत नसे, आळीची होत असे. सायंकाळीं ओटीखालीं चपलांचा ढीग दिसला, म्हणजे आंत टीव्हीपुढें चटईवर दहाबारा मुलें बसलीं आहेत असें समजावें. रिमोट दोन आणि मुलें बारा. राहिलेल्या दहांनीं पाहावें, न मागतां सल्ला द्यावा आणि आपली पाळी मोजीत बसावें. भाच्यांस सोबत करण्याच्या निमित्तानें त्या चटईवर आम्हीही बसत असूं. खाऱ्या हवेनें कॅसेटच्या आंतील तांब्याच्या पट्ट्या लौकर काळवंडत. मग ती काढून तींत फुंकर मारण्याचा विधि होई. वास्तविक फुंकरेनें कांहीं होत नसे. कॅसेट काढून पुन्हा बसवितांना पट्ट्या घासल्या जात म्हणून यंत्र चालूं लागे, आणि तोंडाच्या ओलाव्यानें त्या उलट अधिकच गंजत. परंतु विधीवरील श्रद्धा अशी पुराव्यानें ढळत नसते.

या कॅसेटकडे टीकाकाराच्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. तिच्यावर '९९९९९९ इन १' असा कांहींतरी आंकडा छापलेला असे. प्रत्यक्षांत आंत थोडकेच खेळ. तेच निराळ्या टप्प्यापासून, निराळ्या रंगांत, निराळ्या नांवांनीं पुन्हा पुन्हा आलेले. शिवाय पुष्कळ ठिकाणीं खेळ करणाऱ्या कंपनीची पाटी पुसलेली आणि सालही गाळलेलें. वाङ्मयाच्या परिभाषेंत सांगावयाचें तर हा एक असा काव्यसंग्रह होता कीं ज्याला संपादक नाहीं, प्रस्तावना नाहीं आणि कवींचीं नांवेंही नाहींत. मग मुलांनींच त्यांचें बारसें केलें. 'बॅटल सिटी' या खेळाचा 'टँक' झाला, 'सर्कस चार्ली'ची नुसती 'सर्कस' उरली. जात्यावरच्या ओव्या कोणीं रचल्या हें न विचारतां गाइल्या गेल्या, तसेच हे खेळ कर्ता न विचारतां खेळले गेले. या निनांवीपणांत टीकाकाराची एक सोय आहे. नांवाचा दबदबा नाहीं, जाहिरातीचा गलबला नाहीं; संग्रहांतून जे चार-पांच खेळ मुलांनीं पुन्हा पुन्हा निवडले, ते केवळ गुणांवर निवडले. परंतु यांत एक अन्यायही आहे. त्याचा विचार शेवटीं करूं.

आतां परीक्षेची कसोटी कोणती? खेळ हा संस्कृतीहून जुना आहे, असें डच इतिहासकार योहान हाइझिंगा यांनीं १९३८ सालच्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथांत प्रतिपादिलें आहे. तेव्हां खेळ ही विचार करण्याजोगी वस्तु आहे, हें सांगण्यास आतां आमची साक्ष नको. पण बरा खेळ आणि वाईट खेळ यांत निवड करण्यासाठीं आम्ही अ‍ॅरिस्टॉटलकडे वळतों. शोकान्त नाटकांतील नायकाचा नाश नुसत्या दुर्दैवानें किंवा त्याच्या दुष्टपणानें होऊं नये, तो त्याच्या हातून घडलेल्या प्रमादामुळें व्हावा, असें त्याचें मत आहे. हेंच सूत्र खेळाला लावून पाहावें. सापशिडींत हरणाऱ्यास फांशाखेरीज कोणाला दोष देतां येत नाहीं. बुद्धिबळांत हरणारा आपला घोडा कोठें चुकला हें अंथरुणावर पडूनही शोधीत असतो. पहिल्यांत करमणूक आहे, दुसऱ्यांत करमणूक असून शिवाय शिक्षण आहे. जो खेळ हरवितो, पण हरवितांना आपली चूक आपल्या डोळ्यांपुढें ठेवतो, त्यास आम्ही न्यायी खेळ म्हणतों. असाच खेळ पुन्हा खेळावासा वाटतो. कारण चूक दिसली कीं ती सुधारण्याची आशा उत्पन्न होते. या मुख्य कसोटीच्या जोडीला दोन लहान कसोट्या घेऊं: थोड्या साधनांत किती साधलें, ही काटकसरीची, आणि शेजारीं बसलेल्या माणसाशीं तो खेळ आपला कसा संबंध जोडतो, ही सोबतीची.

पहिला मान अर्थातच 'सुपर मारियो ब्रदर्स'चा. शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांची ही रचना १३ सप्टेंबर १९८५ रोजीं जपानांत प्रसिद्ध झाली. संगीत कोजी कोंदो यांचें. आठ जगें, प्रत्येकांत चार टप्पे, असे एकूण बत्तीस टप्पे, त्यांतील चित्रें, शत्रु, गाणीं, सर्व कांहीं अवघ्या चाळीस किलोबाइटांत बसविलें आहे. प्रस्तुत लेख संगणकांत देवनागरी लिपींत सांठविला तर तो जवळ जवळ तितकीच जागा व्यापील, यावरून वाचकांनीं अदमास करावा. ही काटकसर कशी साधली, याचें एकच उदाहरण पुरे. आकाशांतील ढग आणि जमिनीवरील झुडूप हीं एकाच आकृतीचीं दोन रूपें आहेत. पांढरा रंग दिला कीं ढग, हिरवा दिला कीं झुडूप. एका शब्दानें दोन अर्थ द्यावे हा श्लेष आपण काव्यांत वाखाणतों; येथें तोच चित्रांत आहे. ठाणें-पालघरकडील वारली चित्रकार दोन त्रिकोण टोंकाशीं जोडून हाडामांसाचा माणूस उभा करतो, त्याच जातीची ही बुद्धि.

परंतु या खेळाचा खरा मोठेपणा त्याच्या पहिल्या दृश्यांत आहे. मारियो डाव्या बाजूस उभा आहे आणि उजवीकडे मोकळी जागा आहे. जावयाचें कोठें, हें न सांगतां कळतें. समोरून एक रागीट प्राणी हळूहळू चालत येतो. त्याला स्पर्श झाला तर मरण; पण खेळ नुकताच सुरू झालेला असल्यामुळें नुकसान फार तर चार क्षणांचें. दुसऱ्या वेळीं खेळणारा उडी मारतो. वर प्रश्नचिन्हाचे ठोकळे लुकलुकत असतात. एकाला डोकें लागतांच नाणें निघतें, दुसऱ्यांतून अळंबें निघतें. हें अळंबें शत्रु कीं मित्र? तें उजवीकडे सरकत जातें, खालीं पडतें, हिरव्या नळावर आपटून मागें फिरतें आणि थेट मारियोकडे येतें. घाबरून उडी मारावी तर डोक्यावर विटांची रांग. तिच्यावर आपटून मारियो बहुधा अळंब्यावरच येतो, आणि मोठा होतो. ही योजना मुद्दाम केलेली होती, हें मियामोतो यांनीं स्वतः पुढें सांगितलें आहे. एकही शब्द न वापरतां चार नियम शिकविले गेले, आणि शिकणाऱ्यास मात्र आपण ते स्वतः शोधल्याचा आनंद मिळाला. इंग्रजीचें अक्षर न येणाऱ्या मोरव्याच्या मुलांस हा खेळ कोणीं समजावून द्यावा लागला नाहीं, याचें रहस्य हें. आम्हां अध्यापकांनीं तासाच्या पहिल्या पांच मिनिटांचा धडा येथून घ्यावा.

तरीही आमच्या यादींत मारियो अव्वल नाहीं. चौथ्या, सातव्या आणि आठव्या जगाच्या शेवटच्या किल्ल्यांत वाट चुकली तर तोच मार्ग पुन्हा पुन्हा फिरून येतो, आणि कोठें चुकलें याचा पुरेसा उलगडा होत नाहीं. पहिल्या दृश्यांत जो गुरु होता, तो येथें परीक्षक होऊन बसतो. शिवाय दोघे खेळणारे असले तरी ते आळीपाळीनें खेळतात. एक मरेपर्यंत दुसऱ्यानें वाट पाहावयाची. दुसऱ्याच्या मरणाकडे डोळे लावून बसणें ही कांहीं उत्तम प्रकारची सोबत नव्हे.

'सर्कस चार्ली' हा कोनामी कंपनीचा खेळ. मूळ यंत्र १९८४ चें, घरगुती आवृत्ति १९८६ ची. विदूषकानें सिंहावर बसून जळत्या कड्यांतून जावें, माकडें चुकवीत दोरीवरून चालावें, चेंडूंवर उभें राहावें, घोड्यावरून उड्या घ्याव्या, शेवटीं झोक्यावरून झोक्यावर झेपावें. बटण जवळ जवळ एकच, उडीचें. म्हणजे काय करावें हा प्रश्नच नाहीं; केव्हां करावें एवढाच प्रश्न आहे. हा खेळ डोळ्यांचा कमी आणि लयीचा अधिक. गवयाची सम चुकावी तशी येथें उडी चुकते, आणि चुकली हें ज्याचें त्यास तत्क्षणीं कळतें. म्हणून न्यायाच्या कसोटीस हा पुरेपूर उतरतो. उणीव ही कीं त्याचा पल्ला आखूड आहे. सर्व कसरती झाल्या कीं त्याच पुन्हा, अधिक कठीण होऊन. तरीही मराठी माणसास या खेळाविषयीं थोडें अधिक ममत्व वाटावयास कारण आहे. विष्णुपंत छत्रे यांनीं इ. स. १८८० च्या सुमारास आपली ग्रेट इंडियन सर्कस उभी केली, आणि हिंदी सर्कशीचा आरंभ महाराष्ट्रांत झाला. भारत सरकारच्या १९९८ च्या अधिसूचनेनें सिंह, वाघ, अस्वल, माकड यांचे खेळ करण्यास मनाई झाली, व २००१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरली. त्या मुक्या प्राण्यांच्या दृष्टीनें हें उत्तमच झालें. आतां जळत्या कड्यांतून उडी घेणारा सिंह पाहावयाचा तर तो या पडद्यावर, आणि तेथें त्याला चटका बसत नाहीं.

'डक हंट' हा खेळ निन्टेंडोचाच, १९८४ चा. पेटीबरोबर प्लास्टिकची बंदूक मिळे, तिनें पडद्यावरचीं बदकें टिपावयाचीं. पुष्कळांची अशी समजूत असे कीं बंदुकींतून कांहीं किरण निघतो. वस्तुतः उलट आहे. चाप ओढतांच क्षणभर पडदा काळा होतो, मग बदकाच्या जागीं पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळींतील डोळ्यास आधीं अंधार व मग उजेड दिसला तर नेम लागला. म्हणजे बंदूक मारीत नाहीं, पाहते. जुन्या कांचेच्या टीव्हीवर हें गणित बरोबर बसे. हल्लींच्या सपाट टीव्हीवर चित्र उमटण्यास किंचित् उशीर होतो, म्हणून ती जुनी बंदूक त्यावर आंधळी ठरते. आमच्या पांच खेळांपैकीं हा एकच असा आहे कीं जुना टीव्ही गेल्याबरोबर त्याचाही मूळ स्वरूपांत अंत झाला.

न्यायाच्या कसोटीस हा खेळ उतरत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. नेम चुकला तर किती चुकला, डावीकडे कीं उजवीकडे, याचा पत्ता लागत नाहीं. उलट गवतांतून एक कुत्रा डोकें वर काढून फिदीफिदी हसतो. चूक न दाखवितां हसणारा शिक्षक कोणास आवडेल? मग हा खेळ आमच्या यादींत कां? सोबतीसाठीं. रिमोटवरील बटणांचें शास्त्र वडील माणसांस साधत नसे. पण बंदूक रोखून चाप ओढणें सर्वांस साधे. "आजी, नेम धर!" असा गलका झाला कीं स्वयंपाकघरांतून आलेली म्हातारी पदर खोचून बंदूक हातीं घेई, आणि कुत्रा हसला कीं त्याला दोन शिव्याही हासडी. तीन पिढ्यांना एका चटईवर बसविणारा दुसरा खेळ त्या पेटींत नव्हता. आणि एक बदक असलेल्या प्रकारांत दुसऱ्या रिमोटनें त्या बदकास हवें तसें उडवितां येतें, ही खुबी ज्या नातवास माहीत असे, त्याच्या हातीं आजीच्या यशापयशाची किल्ली असे.

यानंतर 'कॉन्ट्रा'. कोनामीचाच, १९८७ मध्यें सार्वजनिक यंत्रांत आणि १९८८ मध्यें घरगुती पेटींत आला. दोन शिपाई, आठ टप्पे, एका गोळीसरशीं मरण. कथा म्हणून पाहिलें तर येथें कांहीं नाहीं. समोर येईल त्याला गोळी घालावयाची. तो कोण, कां आला, याची विचारपूस नाहीं. या बाबतींत आक्षेपकांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. परंतु रचना म्हणून पाहिलें तर शिस्त मोठी. शत्रूच्या गोळ्या सावकाश येतात, डोळ्यांस दिसतात, आणि शत्रु प्रायः ठरलेल्या जागींच निघतो. म्हणून पाढे पाठ करावे तसा हा खेळ पाठ होतो. आणि मेलेला मुलगा "इथें वाकायला हवं होतं" असें आपण होऊन म्हणतो. अन्याय होतो तो यंत्राच्या गरिबीमुळें. एका आडव्या रेषेंत आठांहून अधिक तुकडे मावत नाहींत हें वर सांगितलेंच आहे. गर्दी झाली कीं कांहीं आकृति आळीपाळीनें लुकलुकूं लागतात, आणि ज्या गोळीनें मरण यावयाचें तीच क्षणभर दिसेनाशी होते.

या खेळांत तीन लाइफ मिळत. एक गुप्त क्रम दाबला असतां तीस मिळत: वर वर, खालीं खालीं, डावें उजवें, डावें उजवें, मग दोन बटणें. काझुहिसा हाशिमोतो यांनीं 'ग्रेडियस' या खेळाची १९८६ ची घरगुती आवृत्ति तपासतांना स्वतःस ती फार कठीण जाते म्हणून ही सोय केली होती. तीच पुढें अनेक खेळांत गेली. मोरव्याच्या मुलांजवळ हें सांगणारें पुस्तक नव्हतें, मासिक नव्हतें. तरी हा क्रम मंत्राप्रमाणें कर्णोपकर्णीं आला, आणि एका अक्षराचीही चूक न होतां आला. मौखिक परंपरेंत पाठ शुद्ध राहूं शकतो कीं नाहीं, यावर वाद घालणाऱ्या पंडितांनीं हें उदाहरण ध्यानांत घ्यावें. तीन लाइफांवर हा खेळ तपश्चर्या आहे, तीसांवर वरात. टीकाकार म्हणून आम्ही तपश्चर्येच्या बाजूचे. पण वरातींत मौज अधिक होती, हें नाकारतां येत नाहीं.

सोबतीचा विचार केला तर कॉन्ट्राचें पारडें बरेंच जड होतें. तिसऱ्या टप्प्यांत धबधब्यावरून वर चढावयाचें असतें. पुढें गेलेल्याच्या मागोमाग पडदा वर सरकतो, आणि मागें राहिलेला पडद्याखालीं जाऊन मरतो. म्हणजे उतावळ्या माणसाची शिक्षा त्याच्या सोबत्यास भोगावी लागते. आणि एकाच्या लाइफ संपल्या म्हणजे त्यास जोडीदाराच्या शिलकींतून एक घेतां येते. "दादा, एक लाइफ दे ना," ही धाकट्याची विनवणी आणि त्यावरचें दादाचें तोंड वाकडें करणें ज्यानें पाहिलें असेल, त्यास घरांतील मोठेपण व धाकटेपण यांवर वेगळा निबंध वाचण्याची गरज नाहीं.

सर्वांत शेवटीं आमचा सर्वांत आवडता खेळ: 'टँक', म्हणजे नामको कंपनीचा १९८५ चा 'बॅटल सिटी'. वरवर पाहतां याच्याइतका रुक्ष खेळ नाहीं. काळा चौरस, त्यांत विटांच्या व पोलादाच्या भिंती, थोडें पाणी, थोडी झाडी. तळाशीं मधोमध एक गरुड, त्याच्या भोंवतीं विटांचें कुंपण. वरून एकामागून एक शत्रूचे वीस रणगाडे येतात; ते सर्व मारावयाचे, आणि तोंवर गरुड जपावयाचा. असे पस्तीस टप्पे. ना राजकन्या, ना संगीताची मैफल.

परंतु आमच्या तिन्ही कसोट्या येथें एकत्र भेटतात. प्रथम न्याय. सारें रणांगण एका पडद्यावर मावतें. पुढें काय आहे हें दडविलेलें नाहीं. वीट फुटते, साध्या गोळीनें पोलाद फुटत नाहीं, पाणी अडवितें पण गोळीस जाऊं देतें, झाडी लपविते. एवढे नियम पांच मिनिटांत कळतात आणि पुढें कधीं बदलत नाहींत. बुद्धिबळाच्या पटासारखें सर्व उघड्यावर आहे, म्हणून हार झाली तर ती आपलीच. याहून मार्मिक गोष्ट ही, कीं तो गरुड शत्रूच्याच गोळीनें मरतो असें नाहीं. तो आपल्या गोळीनेंही मरतो. शत्रु कुंपणाशीं आला म्हणून घाईनें झाडलेली गोळी विटा फोडून गरुडास लागते, आणि ज्याचें रक्षण करावयाचें तेंच आपल्या हातून नष्ट होतें. वर सांगितलेला अ‍ॅरिस्टॉटलचा प्रमाद याहून स्पष्ट रूपांत दाखवावयाचा म्हटलें तरी कठीण.

सोबत तर येथें अपूर्व आहे. दोघेही एकाच वेळीं, एकाच रणांगणांत, एकाच गरुडासाठीं लढतात. सोबत्याची गोळी लागली तर आपण मरत नाहीं, कांहीं क्षण खिळल्यासारखे होतों. आणि तेवढ्यांत शत्रूची गोळी येते. यामुळें चांगला नेमबाज वाईट सोबती असूं शकतो, आणि मंद मुलगा गरुडाजवळ इमानानें उभा राहून सर्वांचा लाडका होतो. कोणीं पुढें जावें, कोणीं मागें राहावें, यावर आरंभीं भांडणें होत. आठवड्यानें मुलें न बोलतां वांटणी करून घेत. आम्हीं पुढें अनेक समित्यांवर काम केलें, पण इतकी समजूतदार वांटणी क्वचितच पाहिली.

आणि काटकसरीबरोबर येथें औदार्यही आहे. या खेळांत मुलास स्वतःचें रणांगण रचण्याची मुभा आहे. प्रत्येक मुलगा पहिल्यानें एकच करी: गरुडाभोंवतीं पोलादाचें कुंपण घाली. मग त्याच्या ध्यानांत येई कीं भीति गेली तशी मौजही गेली. दुसऱ्या दिवशीं तो कुंपणांत एक वीट ठेवी. आमच्या मतें त्या एका विटेंत कलाशास्त्राचा मोठा सिद्धान्त आहे: धोक्यावांचून रस नाहीं. हा सिद्धान्त कोणीं शिकविला नाहीं. खेळानें तो शोधूं दिला. मुलांनीं रचलेलें हें रणांगण यंत्राच्या स्मृतींत राहत नसे. वीज गेली कीं पुसलें जाई. तरी कोणीं रडलें नाहीं. वाळूंतला किल्ला लाटेनें जावा तसें तें जाई आणि दुसऱ्या दिवशीं नवें रचलें जाई.

आतां शंका ही, कीं हें सर्व बाळपणाच्या वा तारुण्याच्या आठवणीचें माधुर्य तर नव्हे? शंका रास्त आहे. तिच्या निरसनार्थ आम्हीं अलीकडे या खेळांशीं ज्याचा कांहीं पूर्वसंबंध नाहीं अशा एका दहा वर्षांच्या मुलापुढें ते ठेवून पाहिले. मारियोचा त्यानें आदर केला. सर्कस पाऊण तासांत संपविली. कॉन्ट्रामध्यें दोन मिनिटांत तिन्ही लाइफ घालवून "पुढचा लावा" म्हणाला. टँक पाहून प्रथम हसला. मग त्यानें आपल्या ताईस हांक मारली, आणि दोघें जेवणाची हांक येईपर्यंत उठलीं नाहींत. एका मुलावरून सिद्धान्त बांधतां येत नाहीं, हें आम्ही जाणतों. पण आमचा क्रम आणि त्याचा क्रम पुष्कळसा जुळला, एवढें नमूद करतों.

दुसरा आक्षेप वेळेचा. तो खरा आहे, आणि त्याला उत्तर घरच्या शिस्तीचें आहे, टीकेचें नाहीं. मात्र खेळ म्हणजे सर्व एकच, असें समजून सरसकट बंदी घालणें किंवा सरसकट मोकळीक देणें, या दोन्हींत आईबाप आपलें एक काम टाळतात. हल्लीं मुलांच्या हातांतील फोनवर असे पुष्कळ खेळ आहेत, कीं ज्यांत हरलेल्यास चूक दाखविली जात नाहीं. पैसे भरून पुढें जाण्याची वाट तेवढी दाखविली जाते. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेनें २०२५ सालीं बंदीचा कायदा केला. पण कायदा फार तर जुगार ओळखील. न्यायी खेळ कोणता आणि लुबाडणारा कोणता, हें ओळखण्याची अभिरुचि कायद्यानें उत्पन्न होत नाहीं. ती घरांत उत्पन्न व्हावी लागते, आणि त्यासाठीं वस्तु पाहावी लागते. वाईट कादंबरीपासून चांगली कादंबरी निवडून देणारे वडील आपल्याकडे पुष्कळ होऊन गेले. खेळाच्या बाबतींत तीच निवड करणारे अजून व्हावयाचे आहेत.

राहिला तो आरंभीं सूचित केलेला अन्याय. ज्या कॅसेटींनीं हे खेळ आमच्या गांवापर्यंत पोंचविले, त्यांनींच त्यांच्या कर्त्यांचीं नांवें गिळलीं. मूळ यंत्र व कॅसेट विकत घेणें मोरव्याच्या घरांस परवडलें नसतें, हेंही तितकेंच खरें; त्या नकला नसत्या तर हे खेळ आम्हीं पाहिलेच नसते. पण लाभ झाला म्हणून ऋण फिटत नाहीं. ओव्या रचणाऱ्या बायकांचीं नांवें आतां कोठें शोधावीं? या खेळांच्या कर्त्यांचीं मात्र सांपडतात. हाशिमोतो २०२० मध्यें वारले, उएमुरा २०२१ मध्यें. ज्या मुलांनीं त्यांच्या कृतीपुढें आपल्या सुट्ट्या घालविल्या, त्यांतील बहुतेकांस तीं नांवें तेव्हांही ठाऊक नव्हतीं आणि आजही नाहींत. ग्रंथाचा कर्ता कोण, हें विचारल्याशिवाय आपण ग्रंथ खालीं ठेवीत नाहीं. जो खेळ ग्रंथाइतका मनांत राहिला, त्याच्या कर्त्यास तेवढा मान देणें हें रसिकाचें कर्तव्यच आहे. म्हणूनच या लेखांत जेथें जेथें खात्रीनें देतां आलें, तेथें तेथें आम्हीं तें नांव दिलें आहे.